वर्दी पोंचली काय?

नांदेडजवळील विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडावयाचे झाले, कीं गोदाकांठच्या घरांना आधीं वर्दी जावी लागते. लातूरला तर २०१६ सालीं मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. अशा शहरांत नळाला पाणी केव्हां येणार हें वेळेवर कळणें ही चैन नव्हे. हजारों घरांना एकदम लघुसंदेश धाडावयाचा, तर कचेरींतील संगणक 'गेटवे'शीं, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या जाळ्याकडे नेणाऱ्या नाक्याशीं, जोडावा लागतो.

संगणक प्रथम आपलें नांव व परवलीचा शब्द सांगून नाक्यावर प्रवेश मिळवितो. प्रेषकाचें नांव आणि मजकुराचा साचा २०१८ च्या नियमांप्रमाणें आधींच नोंदवावा लागतो; नाहींपेक्षां संदेश वाटेंतच अडतो. दुसरी गोष्ट लिपीची. साध्या रोमन लिपींत एका संदेशांत १६० चिन्हें मावतात, देवनागरींत अवघीं ७०. आणि काना, मात्रा, अनुस्वार हेहि निराळे मोजले जातात. 'नांदेड' हीं आपल्याला तीन अक्षरें, यंत्राला सहा चिन्हें! लिपीचा संकेत चुकीचा दिला, तर मराठीच्या जागीं नुसतीं प्रश्नचिन्हें उमटूं शकतात.

नाकें संदेश स्वीकारतांच एक क्रमांक देतें. ती टपालकचेरीची पावती होय, घरची पोंच नव्हे. खरी पोंच मागाहून त्याच क्रमांकानें येते. ती जुळवून पाहावी, आणि जेथें वर्दी गेली नाहीं तेथें माणूस धाडावा. पावती पाहून नदी थांबत नाहीं.