जातिवाचक अपशब्द

जातिवाचक अपशब्द : एखाद्या व्यक्तीस वा समूहास जन्मजात जात, जमात वा वंश यांवरून हीन लेखण्यासाठी वापरले जाणारे शब्द. सामान्य शिवी बहुधा व्यक्तीच्या वर्तनावर किंवा तिच्या आप्तांवर आघात करते. जातिवाचक अपशब्द व्यक्तीला बाजूस सारून तिच्या सर्व समूहाचा उपमर्द करतो आणि त्या समूहावर पूर्वी लादलेल्या दास्याचे स्मरण करून देतो. भारतातील अशा शब्दांचे वैशिष्ट्य हे, की पुष्कळदा समूहाचे नाव हेच अपशब्द ठरते. जे नाव शासकीय दाखल्यावर रीतसर नोंदलेले असते, तेच बाजारात चारचौघांत तुच्छतेने उच्चारल्यास गुन्हा होऊ शकतो. म्हणूनच असा शब्द कोणी, कोणास उद्देशून, कोठे व कोणत्या हेतूने उच्चारला, ह्यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. आणि तो उच्चारण्याचा अधिकार कोणास आहे, हा सार्वजनिक वादाचा विषय बनतो. ह्या वादाची बहुतेक सर्व अंगे महाराष्ट्रात आणि विशेषेकरून खानदेशात पहावयास मिळतात.

स्वरूप : मराठीत जातिवाचक अवमानाचे चार प्रकार ठळकपणे दिसतात. पहिला म्हणजे जातीच्या नावाचाच हाक मारण्यासाठी उपयोग करणे. दुसरा प्रकार संबोधनाचा आहे. पूर्वी गावगाड्यातील अस्पृश्य वा आदिवासी पुरुष वयाने कितीही मोठा असला, तरी त्याला एकेरी संबोधण्याची व त्याच्या नावास ‘या’ हा प्रत्यय लावण्याची रीत होती. तिसऱ्या प्रकारात जातिनामाचे सामान्यनाम किंवा सामासिक शब्द बनतात. ‘चांभारचौकशी’ हा शब्द निरर्थक विचारपूस ह्या अर्थी वापरणाऱ्याच्या मनात कोणाचा अवमान करण्याचा हेतू बहुधा नसतो. तथापि एका कष्टकरी जातीविषयीचा तुच्छताभाव त्यात साठवलेला आहे. ‘भामटा’ हा शब्द तर महाराष्ट्रातील एका विमुक्त जमातीचे नाव आहे आणि त्याच वेळी ठक वा लुच्चा ह्या अर्थाचे सामान्यनामही आहे. चौथा प्रकार वस्त्यांच्या नावांचा. महारवाडा, मांगवाडा यांसारखी नावे आणि खानदेशातील खेड्यांत भिल्ल वस्तीसाठी रूढ असलेले ‘भिलाटी’ हे नाव केवळ जागा दाखवीत नाही, तर गावाने आखून दिलेली सीमाही दाखविते.

मात्र शब्दाचे रूप पाहून त्यातील भाव नेहमीच ठरविता येत नाही. १८५७-५८ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला खानदेशातील भिल्ल नायक लोकस्मृतीत ‘खाज्या नाईक’ म्हणून ओळखला जातो. शेजारच्या निमाडातील आणि १८८९ मध्ये फाशी गेलेल्या बंडखोराचे नाव ‘तंट्या भिल्ल’ असेच रूढ झाले. येथे तोच ‘या’ प्रत्यय आहे आणि तेच जातिनाम आहे. परंतु त्यांत जवळीक व अभिमान आहे. बोलणारा आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो यांच्यातील नाते बदलले, म्हणजे शब्दाचा अर्थ पालटतो.

खानदेशातील पार्श्वभूमी : इंग्रजी अंमलाच्या प्रारंभी खानदेशातील भिल्लांना काबूत आणण्यासाठी १८२५ मध्ये जेम्स औट्रम याच्या आधिपत्याखाली भिल्ल पलटण उभारण्यात आली. धरणगाव हे तिचे ठाणे होते. त्या काळच्या सरकारी अहवालांत भिल्लांना ‘रानटी’ व ‘लुटारू’ ह्या अर्थाची विशेषणे सर्रास लावलेली आढळतात. डोंगराळ प्रदेशातील भिल्ल जमातप्रमुखांना ‘नाईक’ हे मानाचे पद होते आणि पुढे पुष्कळ भिल्ल कुटुंबांनी ते आडनाव म्हणूनही धारण केले. एकाच समाजाविषयी सरकारदरबारी एक शब्द आणि त्या समाजात दुसरा, अशी ही स्थिती होती.

भटक्या जमातींच्या बाबतीत अपशब्दाला कायद्याचे पाठबळ मिळाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या आणि १९११ च्या अधिनियमानंतर ही पद्धती मुंबई इलाख्यातही लागू झाली. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला व त्या जमातींस ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. परंतु पारधी, कैकाडी इ. नावांना चिकटलेला संशय व्यवहारातून गेला नाही. परक्या भटक्या माणसाविषयीचा असा संशय किती घातक ठरू शकतो, ह्याचा प्रत्यय १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आला. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा पसरली आणि जमावाने सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. त्या हत्यांचे तात्कालिक कारण अफवा हे होते. मात्र ती अफवा एवढ्या सहजपणे खरी वाटावी, ह्यामागे जुन्या शिक्क्यांनी तयार केलेले मन होते, असे म्हणता येईल.

नामकरणाचा वाद : अवमानकारक नाव टाकून द्यावयाचे, तर नवे नाव कोणी द्यावयाचे, हा प्रश्न विसाव्या शतकात पुढे आला. महात्मा गांधींनी अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ ह्या शब्दाचा पुरस्कार केला आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये पुण्याहून त्याच नावाचे साप्ताहिक सुरू केले. नाव देणाऱ्याचा हेतू आदराचा होता. तथापि ज्यांना ते दिले गेले, त्यांतील अनेकांना ते मान्य नव्हते. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांसंबंधीच्या विधेयकात ‘हरिजन’ हा शब्द आला, तेव्हा भाऊराव गायकवाड यांनी त्यास हरकत घेणारी दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासह स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. पूर्व खानदेशातून निवडून आलेले दौलतराव गुलाजी जाधव हे ह्याच पक्षाचे सदस्य होते. आक्षेपाचे मर्म असे होते, की आपले नाव ठरविण्याचा पहिला अधिकार आपला आहे. पुढे १९८२ मध्ये केंद्र सरकारने जातीच्या दाखल्यांवर ‘हरिजन’ शब्द न लिहिण्याविषयी सूचना दिल्या. आदरार्थी योजलेला शब्दही कालांतराने अवमानकारक ठरू शकतो, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

‘दलित’ ह्या शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला. मूळ अर्थ ‘तुडविलेला’ वा ‘पिळलेला’ असा असूनही चळवळीने तो शब्द स्वतः स्वीकारला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने १९७३ च्या आपल्या जाहीरनाम्यात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन शेतमजूर व स्त्रिया यांचा त्यात समावेश केला. तथापि १९५६ च्या धर्मांतरानंतर ‘बौद्ध’ हीच आपली ओळख मानणाऱ्यांपैकी पुष्कळांना हा शब्द दैन्यसूचक वाटतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील याचिकेनंतर ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रालयाने खासगी दूरचित्रवाणी वाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ असा उल्लेख करण्यास सुचविले. त्यावर अनेक दलित लेखक व कार्यकर्त्यांनी हरकत घेतली. ‘अनुसूचित जाती’ हा शासनाने दिलेला शब्द आहे, तर ‘दलित’ हा संघर्षातून मिळविलेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

आदिवासींबाबतही असाच वाद आहे. संविधान सभेत डिसेंबर १९४६ मध्ये जयपालसिंग मुंडा यांनी आपला उल्लेख अभिमानपूर्वक ‘जंगली’ असा केला. मात्र आदिवासींसाठी ‘वन्य’ ह्या अर्थाची नावे इतरांनी योजण्यास त्यांचा विरोध होता आणि ‘आदिवासी’ ह्या नावाचा त्यांनी आग्रह धरला. एकच वक्ता एक शब्द स्वतःसाठी स्वीकारतो व इतरांकडून नाकारतो, ह्यात विसंगती नाही. त्यात ह्या सर्व प्रश्नाचे सार आहे. खानदेशात १९७० नंतर शहादे परिसरात अंबरसिंग महाराज व श्रमिक संघटना यांच्या कार्यातून भिल्ल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली. तीतून पुढे आलेले कवी वाहरू सोनवणे यांनी आदिवासींच्या वतीने इतरांनीच बोलत राहण्याच्या प्रथेस आपल्या कवितेतून प्रश्न केला. ‘वनवासी’ ह्या नावास होणारा विरोधही ह्याच भूमिकेतून आलेला आहे.

साहित्यातील उपयोग : अपशब्द स्वतः उचलून त्याची धार बोथट करण्याचे, किंवा ती उलट फिरविण्याचे काम दलित व विमुक्तांच्या आत्मकथनांनी केले. शरणकुमार लिंबाळे यांच्या आत्मकथनाचे (१९८४) अक्करमाशी हे नाव हीच एक शिवी आहे. बारा माशांचा एक तोळा होतो. त्यास एक मासा कमी तो अक्करमाशी, म्हणजे हिणकस वा अनौरस. लक्ष्मण गायकवाड यांच्या उचल्या (१९८७) ह्या आत्मकथनाचे नाव चोरीचा शिक्का बसलेल्या जमातीचे आहे. त्यास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या शब्दाने लेखकाला लहानपणी हिणविले गेले, तोच त्याने मुखपृष्ठावर घातला. परंतु हे शब्द पुस्तकात छापले गेले, म्हणून ते वाचकालाही वापरण्यास मोकळे झाले, असे होत नाही. वर्गात असा उतारा वाचताना शिक्षकाने शब्द उच्चारावा की गाळावा, हा प्रश्न त्यामुळेच उद्‌भवतो. उतारा गाळल्यास अन्यायाचा पुरावा झाकला जातो. संदर्भ न देता वाचल्यास वर्गातील एखाद्या विद्यार्थ्यावर तो आघात पुन्हा होतो.

कायदेशीर तरतुदी : राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली व १९५५ च्या अधिनियमाने ती पाळणे दंडनीय ठरले. १९८९ च्या अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमाने जाणूनबुजून केलेला अवमान हा स्वतंत्र गुन्हा मानला. २०१६ पासून अंमलात आलेल्या सुधारणेने जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा वेगळ्या खंडात स्पष्टपणे नमूद केला. ह्या गुन्ह्यासाठी कृत्य लोकांच्या दृष्टिपथात घडणे आवश्यक असून करणारी व्यक्ती अनुसूचित जातीची वा जमातीची नसावी लागते. शब्द कोणी वापरावा, ह्या प्रश्नाचे एक उत्तर कायद्याने असे दिले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात असे म्हटले, की जातिनाम मुळात केवळ जातीचे निदर्शक असले, तरी आजच्या व्यवहारात ते अवमानासाठी वापरले जात असेल, तर तोच अर्थ विचारात घेतला पाहिजे. २०२० मधील हितेश वर्मा खटल्यात घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी उपस्थित नसताना झालेले बोलणे ह्या गुन्ह्यात मोडत नाही, असे न्यायालयाने सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने तुरुंगातील नोंदींमधून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.

ह्या संरक्षणाला मर्यादाही आहेत. अनुसूचित जातीच्या माणसाने भिल्लाचा जातीवरून अवमान केल्यास, किंवा उलट घडल्यास, हा अधिनियम लागू होत नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत कैकाडी जातीचा समावेश विदर्भातील बुलढाणा, अकोला इ. जिल्ह्यांपुरता करण्यात आला. अन्यत्र ती विमुक्त जातींत गणली गेली. परिणामी मलकापूर येथे जो अपशब्द अत्याचार ठरतो, तोच शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर येथे उच्चारल्यास त्याच जातीच्या माणसास ह्या अधिनियमाचा आधार मिळत नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

वस्त्यांच्या नावांविषयी महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये निर्णय घेऊन जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचे ठरविले. नाव बदलले, तरी पाण्याची व रस्त्याची सोय होत नसेल, तर जुने नाव लोकांच्या तोंडून जात नाही, अशी टीका त्यावर झाली; जुन्या नावाने पत्ता सांगताना मुलांना संकोच वाटू नये, एवढेही मोलाचे आहे, असे समर्थकांचे मत आहे.

इतर देशांतील वाद : दक्षिण आफ्रिकेत गांधींना ‘कुली बॅरिस्टर’ म्हणून हिणविले जाई, तेथे ‘कुली’ हा सर्व हिंदी लोकांसाठी अपशब्द होता. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात कृष्णवर्णीयांनी ‘निग्रो’ हे नाव टाकून ‘ब्लॅक’ हे नाव अभिमानाने घेतले. त्यांच्याविरुद्धचा सर्वांत हीन मानला जाणारा अपशब्द त्यांच्यापैकी काही जण आपसांत सलगीने वापरतात, परंतु ह्याबाबत त्यांच्यातही एकमत नाही. विनोदी कलावंत रिचर्ड प्रायर यांनी तो रंगमंचावर वर्षानुवर्षे वापरला व १९७९ च्या केन्या-प्रवासानंतर सोडून दिला. २००७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेने डेट्रॉइट येथे त्या शब्दाचा प्रतीकात्मक दफनविधी केला.

मूल्यमापन : ह्या विषयावर मुख्यतः तीन मते आढळतात. काहींच्या मते अपशब्द सर्वांनीच वर्ज्य करावा, कारण आपसांतील वापरानेही तो जिवंत राहतो. दुसऱ्या मतानुसार ज्यांनी तो सोसला, त्यांना तो वापरण्याचा, बदलण्याचा वा टाकण्याचा अधिकार असून इतरांना तो नाही. तिसरे मत असे, की सर्वांना एकच नियम नसेल, तर ती विषमताच होय. ह्या तिसऱ्या मतात एक उणीव राहते. पूर्वीच्या पाटलाने ‘भिल्ल’ म्हणून मारलेली हाक आणि भिल्लाने सभेत स्वतःला ‘भिल्ल’ म्हणवून घेणे, ह्या दोन कृती समान नाहीत. पहिलीमागे सत्ता उभी होती आणि दुसरी त्या सत्तेस दिलेले उत्तर आहे. कायदा चारचौघांतील अवमानास शिक्षा करू शकतो. परंतु घरातील बोलण्यात, म्हणींत व विनोदात टिकून राहिलेले शब्द त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे एखाद्याने स्वतःस जे नाव सांगितले, त्याच नावाने त्यास संबोधण्याचा साधा शिष्टाचार हाच मुख्य उपाय उरतो.