वस्तू लपवायची की माणसाला छळायचं? हिडन ऑब्जेक्ट गेम कुठे जमतात आणि कुठे फसतात

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय आहे हिडन ऑब्जेक्ट गेम. म्हणजे तो प्रकार, ज्यात एक पसाऱ्याने भरलेलं चित्र समोर येतं, खाली यादी असते (चावी, कंदील, छत्री, घुबड) आणि आपण एकेक वस्तू शोधून टॅप करायची. त्याला रहस्यकथा जोडली, खोल्या आणि कोडी जोडली, की झाला हिडन ऑब्जेक्ट ॲडव्हेंचर. "हे काय, मावशा-काकवांचे गेम," असं म्हणून हसणारे मित्र मलाही आहेत. पण सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघितलं तर हा प्रकार बनवायला भारी अवघड आहे. शूटिंगच्या गेममध्ये वेग आणि आवाजाच्या मागे बरंच झाकलं जातं. इथे चित्र स्थिर असतं आणि माणूस त्याच्याकडे टक लावून बघत बसतो, त्यामुळे प्रत्येक चूक दिसते.

आलं कुठून हे?

मुलांच्या मासिकांत "चित्रात लपलेले प्राणी शोधा" आपण सगळ्यांनी केलंय. जगभर या खेळाला चेहरा दिला तो मार्टिन हँडफर्डने. १९८७ मध्ये त्याचं 'व्हेअर्स वॉली' आलं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्टवाला माणूस गर्दीत शोधायचा. १९९२ पासून 'आय स्पाय' नावाची पुस्तकं आली, वॉल्टर विकच्या फोटोंची. कॉम्प्युटरवर हा प्रकार खऱ्या अर्थाने चालला तो २००५ मध्ये, बिग फिश गेम्सच्या 'मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सव्हिल'मुळे. पुढे २००८ च्या 'रिटर्न टू रेव्हनहर्स्ट'मध्ये शोधाशोधीला हिंडणं-फिरणं आणि कोडी जोडली गेली. २०१२ मध्ये फेसबुकवर 'क्रिमिनल केस' आलं आणि हा खेळ घराघरांत गेला. २०१७ मध्ये 'जून्स जर्नी' आणि 'हिडन फोक्स' आले. एकाच वर्षातले दोन गेम, पण स्वभाव अगदी उलटे. त्यावर येतोच.

ज्वारीतला खडा

आधी डोळा शोधतो कसा ते बघू. त्यासाठी लॅब नको, सूप किंवा ताट पुरे.

पांढऱ्या ज्वारीत काळा खडा असला तर तो शोधावा लागत नाही. ताट समोर आलं की खडाच "मी इथं आहे" म्हणतो. ज्वारी मूठभर असो की किलोभर, वेळ जवळपास तेवढाच. पण खडाही पांढराच आणि दाण्याएवढाच असला, की बोटाने दाणे सरकवत एकेक तपासावा लागतो. ज्वारी दुप्पट झाली की वेळही वाढतो.

मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांनी १९८० मध्ये नेमकं हेच मांडलं. एकाच गुणाने वेगळी असलेली वस्तू, म्हणजे फक्त रंग किंवा फक्त दिशा वेगळी, ती उठून दिसते. दोन-तीन गुण एकत्र जुळवून ओळखायची असेल तर मेंदूला एकेका ठिकाणी लक्ष नेत फिरावं लागतं.

आता गेम बनवणाऱ्याची पंचाईत बघा. सगळ्या वस्तू काळ्या खड्यासारख्या ठेवल्या तर खेळ दोन मिनिटांत संपतो, मजा नाही. सगळ्या पांढऱ्या खड्यासारख्या ठेवल्या तर ते काम होतं, खेळ राहत नाही. चांगल्या दृश्यात दोन्हींची मिसळ असते. पहिल्या चार-पाच वस्तू पटापट सापडतात, हात चालू लागतो, चित्राची ओळख होते. मधल्या चार नजर फिरवायला लावतात. शेवटच्या दोन खऱ्या चिवट. आणि त्या सापडल्यावर तोंडातून "अरे, इथंच तर होती!" निघालं पाहिजे. माझ्या मते या अख्ख्या प्रकाराची परीक्षा या एका वाक्यात आहे. वस्तू सापडल्यावर "इथंच तर होती" वाटलं तर गेम जमला. "ही इथे असेल असं कोण म्हणेल?" वाटलं तर फसला.

लपवणं वेगळं, पुसून टाकणं वेगळं

लपवायच्या प्रामाणिक पद्धती असतात. आकारात आकार मिसळायचा: साप दोराच्या वेटोळ्यात, कंगवा कुंपणाच्या काड्यांत. अर्धी वस्तू दुसरीच्या मागे ठेवायची, पण ओळखीचा भाग बाहेर ठेवायचा. आकार बदलायचा: भिंतीएवढा कंगवा जवळ असून दिसत नाही, कारण आपण छोटा कंगवा शोधत असतो.

आळशी पद्धत एकच. वस्तूची पारदर्शकता वाढवायची, रंग पार्श्वभूमीएवढा गडद करायचा आणि अंधाऱ्या कोपऱ्यात चिकटवून द्यायचं.

यातली एक गोष्ट मला पिंगळीला घरी गेल्यावर कळली. आई पन्नाशीच्या पुढची, जवळचा चष्मा आहे. माझ्या जुन्या फोनवर दुपारी असाच एक गेम खेळायची. नाव घेत नाही. त्या सुट्टीत लक्षात आलं, की वाकळ शिवताना सुई ओवायला ती शेजारच्या पोरीला हाक मारू लागलीय. विचारलं तर म्हणाली, "नजर गेली बाबा माझी. त्या गेममधली चावी अर्धा घंटा सापडली नाही." हीच बाई तूरडाळीतला खडा बोलता बोलता काढून फेकते!

मी त्या दृश्याचा स्क्रीनशॉट लॅपटॉपवर घेतला. चावी होती. गडद तपकिरी कपाटावर गडद तपकिरी चावी, फोनच्या पडद्यावर जेमतेम तीन मिलिमीटर. रंगांचा फरक मोजला, म्हणजे कॉन्ट्रास्ट. वेबच्या सुलभतेचे जे डब्ल्यूसीएजी नियम आहेत ते म्हणतात, की महत्त्वाच्या चित्रखुणेचा आजूबाजूच्या रंगाशी फरक किमान ३:१ असावा. लपवाछपवीच्या खेळाने हा नियम तंतोतंत पाळावा असं मी म्हणणार नाही. पण इथे तो दीडच्याही खाली होता. चित्र बहुतेक कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यासाठी रंगवलेलं, नंतर आक्रसून फोनमध्ये कोंबलेलं. झूम करायची सोयही नाही. मलासुद्धा फोनवर ती चावी दिसली नाही.

आईला लॅपटॉपवर दाखवलं. बघितलं आणि म्हणाली, "मग हे मेलं त्याचंच चुकलंय की!" डोळे तपासून आणले, चष्म्याचा नंबर होता तोच आहे. सुई ती परत स्वतः ओवते.

हे सांगायचं कारण असं. बिघडलेलं ॲप असलं की आपण ॲपला शिव्या देतो. पण शोधायचा खेळ वाईट बनवला असेल तर माणूस स्वतःला दोष देतो. आपलंच लक्ष कमी, आपलीच नजर गेली, आपलंच वय झालं. म्हणून या प्रकारात आळशीपणा मला जास्त खटकतो.

बोट, टॅप आणि दंड

वस्तू दिसली, टॅप केलं, आणि काहीच झालं नाही. हा राग वेगळाच असतो. अँड्रॉइडसाठी गूगलची शिफारस आहे, की टॅप करायची जागा किमान ४८ डीपी असावी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. माऊसचं टोक सुईसारखं असतं, बोट तसं नसतं. त्यामुळे तीन मिलिमीटरची चावी दाखवायची तर तिच्याभोवतीची अदृश्य टॅपची जागा मोठी ठेवावी लागते. वस्तू दाटीवाटीने असतील तर हे कठीण जातं, पण तेच तर काम आहे.

दंडही समजून द्यावा लागतो. कुठेही धडाधड टॅप करणाऱ्याला थोडा वेळ थांबवलं तर ठीक. पण दोन चुकांनंतर पडदा गोठवणं म्हणजे शंका विचारणाऱ्या पोराला वर्गाबाहेर काढणं.

यादीतला शब्द

आपल्यासाठी ही मोठी अडचण, आणि गंमतही. बहुतेक गेम इंग्रजीत असतात. यादीत 'स्कॉन्स' आलं तर किती जणांना कळेल की भिंतीवरचा दिवा शोधायचाय? तिथे नजरेची नाही, शब्दांची परीक्षा सुरू होते. यादीऐवजी वस्तूची काळी सावली दाखवणं हा यावरचा साधा उपाय, आणि बरेच गेम तो वापरतात.

पण शब्द आपल्या भाषेतला असेल तर मजा बघा. यादीत फक्त "पान" लिहिलंय. झाडाचं, वहीचं, की विड्याचं? तिन्ही चित्रात ठेवा आणि कुठलंही टॅप केलं तरी चालू द्या: खेळणारा हसतो. तिन्ही ठेवा आणि फक्त वहीचं बरोबर माना: खेळणारा गेम उडवतो. शब्द तोच, चित्रही तेच, फरक फक्त नियतीचा. अडकित्ता, पोहरा, उखळ, चिमटा, परात... या शब्दांची यादी असलेला गेम खेळायला मी नक्की पैसे देईन.

मी हे का शोधतोय?

ॲडव्हेंचर म्हटलं की गोष्ट आली. खून झालाय, पोलीस यायचेत, आणि आपण प्रेताशेजारी बसून तीन बदकं, एक व्हायोलिन आणि एक अननस शोधतोय. का? उत्तर नाही. बारापैकी अकरा वस्तू गायब होतात आणि एक कात्री हातात येते. कात्री समोरच ठेवली असती तर काय बिघडलं असतं!

चांगल्या गेममध्ये शोधलेल्या वस्तूला तिथेच काम असतं. फाटलेल्या पत्राचे तुकडे शोधले की पत्र वाचता येतं. काडेपेटी सापडली की कंदील लागतो आणि तोवर अंधारात असलेला कोपरा उघडतो. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडीच्या काही गेममध्ये तर शोधाशोध नको असेल तर त्याऐवजी डॉमिनो किंवा माहजोंग खेळायची सोय आहे. कंटाळ्यावर पर्याय देणं हाही आदरच.

'हिडन फोक्स' याच्याही पुढे जातं. हाताने काढलेली काळी-पांढरी चित्रं, सगळे आवाज तोंडाने काढलेले. झुडूप टॅप केलं तर हलतं, दार टॅप केलं तर उघडतं. प्रत्येक वस्तूला एक छोटी सूचना असते, आणि ती सूचना वाचून तुम्ही डोकं चालवता: हा माणूस आळशी आहे म्हणतात, म्हणजे सावलीत पडला असेल. इथे शोधण्याला तर्क येतो. डोळे थकले तरी डोकं चालतं. घड्याळ नाही.

एनर्जी संपली, उद्या या

'क्रिमिनल केस', 'जून्स जर्नी' हे फुकट गेम. दिसायला देखणे, गोष्टही ओढून नेते. पण दृश्य खेळायला एनर्जी लागते, ती संपली की थांबा किंवा पैसे द्या. पुढे जायला तारे लागतात, आणि तारे मिळवायला तेच दृश्य पुन्हा पुन्हा. पाचव्यांदा तीच खोली खेळताना तुम्ही शोधत नसता, आठवत असता. काहींना तेही आवडतं, वेग वाढल्याचं समाधान मिळतं. माझं म्हणणं एवढंच, की तो मग वेगळा खेळ आहे.

फुकट गेम चालवायला पैसा लागतोच, ते मला कळतं. माझा पगारही कुणीतरी ॲप विकत घेतं म्हणूनच होतो. प्रश्न इतकाच, की अवघडपणा चित्रातून येतोय की दुकानातून? शेवटची वस्तू मुद्दाम न सापडण्याजोगी ठेवून बाजूला हिंटचं बटण चमकवलं जात असेल, तर वस्तू लपवलेली नाही, विकायला ठेवलीय.

दहा मिनिटांची परीक्षा

नवीन गेम घेतला की पहिल्या दहा मिनिटांत हे बघा:

- सापडलेली शेवटची वस्तू बघून "इथंच तर होती" वाटलं का?
- झूम करता येतं का? टॅप पहिल्याच वेळी लागतो का?
- हिंट थोड्या वेळाने आपोआप भरते, की फक्त पैशाने?
- घड्याळ बंद करता येतं का?
- इंटरनेट बंद करून चालतो का? परभणी-पूर्णा पॅसेंजरमध्ये बसल्यावर हा प्रश्न आपोआप सुटतो.
- शोधलेल्या वस्तूचा पुढे उपयोग होतो का?

चार "हो" आले तर ठेवा. नाहीतर उडवा, आणि स्वतःला दोष देऊ नका.

जाता जाता एक इच्छा. आमच्या परभणी जिल्ह्यात जुन्या बारवा आहेत. पिंगळीत आहे, सेलू तालुक्यात वालूरला तर गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची आहे. पायऱ्या, कोनाडे, सावली, तळाशी पाणी: हिडन ऑब्जेक्टचं दृश्य तर तयारच आहे. यादीत पोहरा, दोर, घागर, पणती, कासव. पाणी खाली जाईल तशा नवीन पायऱ्या दिसतील, नवीन वस्तू उघड्या पडतील. एकही व्हायोलिन नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणी चित्रकार असेल तर कळवा, कोड मी लिहितो.

तुमचा आवडता किंवा डोक्यात जाणारा गेम कोणता, तेही सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर डोळ्यांना जरा विश्रांती द्या!