गप्प टॅपेट म्हणजे निरोगी इंजिन?

"टॅपेट वाजतायत, जरा टाइट करून द्या." कुठल्याही गॅरेजच्या दारात थोडा वेळ थांबा, हे वाक्य कानावर पडणारच. मिस्त्रीही सहसा नाही म्हणत नाही. गाडी नुकतीच रस्त्यावरून आलेली, इंजिन तापलेलं. हेडवरची दोन झाकणं निघतात, पाना लागतो, बोटाने रॉकर हलवून पाहिला जातो, अजून थोडा आवळला जातो. किक मारली की टिकटिक गेलेली असते. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री खूश. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायची सोय मात्र तिथेच होऊन गेलेली असते.

आवाज नाही म्हणजे इंजिन उत्तम, हा समज इतका घट्ट बसला आहे की जुनी गाडी विकत घेतानाही लोक आधी टॅपेटला कान लावतात. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. तो आदल्या दिवशी टॅपेट आवळूनच आणतो.

टॅपेटची टिकटिक येते कुठून? कॅमशाफ्ट फिरतो, रॉकरचं एक टोक उचलतो आणि दुसरं टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाबतं. रॉकर आणि दांडा यांच्यात कंपनीने मुद्दाम फट ठेवलेली असते. होंडाच्या जुन्या कब घराण्यातल्या छोट्या इंजिनांना ती ०.०५ मिलिमीटर. दोन व्हॉल्व्हच्या पल्सर १५० ला इनलेटकडे ०.०५ आणि एक्झॉस्टकडे ०.१०. युनिकॉर्नला ०.०८ आणि ०.१२. म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या आसपासचा मामला. ही फट भरून रॉकर दांड्याला टेकतो तेव्हा टक् होतं. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे १४०० आरपीएमच्या आयडलिंगला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७०० वेळा उघडतो, सेकंदाला अकरा-बारा वेळा. बारीक, एकसारखी टिकटिक ऐकू येते ती हीच. एअरकूल्ड इंजिनाभोवती पाण्याचं आवरण नसतं, म्हणून ती जास्त जाणवते.

फट ठेवतातच कशाला, तर धातू तापला की वाढतो म्हणून. स्टील शंभर अंशांनी तापलं तर दर शंभर मिलिमीटर लांबीमागे साधारण ०.१२ मिलिमीटर लांबतं. ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड जळत्या वायूत असतं आणि ते सातशे अंशांच्या घरात जातं. दांडा वाढतो, त्याच्याभोवतीचं हेडही वाढतं, दोघांचा वेग वेगळा. हा सगळा हिशेब करून थंड इंजिनाला किती फट हवी तो आकडा कंपनी ठरवते. बोटाच्या अंदाजाने तो खोडून टाकायचा अधिकार मिस्त्रीला कोणी दिला?

फट संपली की व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पुरता बसत नाही, सुताएवढा उघडा राहतो. मग दोन गोष्टी एकदम घडतात. कॉम्प्रेशन गळायला लागतं, आणि व्हॉल्व्हची थंड व्हायची वाट बंद होते. व्हॉल्व्हमधली जवळपास तीनचतुर्थांश उष्णता सीटवाटे हेडमध्ये जाते, बाकीची दांड्यावाटे. टेकणंच बंद झालं तर उष्णता जाणार कुठे? उलट त्या बारीक फटीतून जळता वायू गॅसकटरसारखा सुटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड खातो. बाहेर याचा काहीच आवाज येत नाही. चिडचिड होते ती याचमुळे: सैल टॅपेट ओरडून सांगतो, घट्ट टॅपेट मुकाट्याने जाळतो.

लक्षणं हळूहळू दिसतात. गरम गाडी चटकन चालू होत नाही. किक हलकी लागते. आयडलिंग डळमळतं, सायलेन्सरमधून अधूनमधून फट् होतं, पिकअप जातो, ॲव्हरेज घसरतं. मग तोच मिस्त्री गंभीर चेहऱ्याने सांगतो, "बोअर गेला, इंजिन करावं लागेल." पिस्टन-रिंगांचा काही दोष नसतो. थंड इंजिनाचे टॅपेट नुसते मोजून पाहिले असते तर कळलं असतं. वेळेत सापडलं तर फट ठीक करून भागतं. उशीर झाला की हेड खोलून व्हॉल्व्ह बदलणं आलं.

याचा अर्थ टॅपेट कितीही वाजू द्यावेत असाही नाही. फट फार वाढली की रॉकर दांड्यावर हातोडीसारखा आपटतो, त्याचं टोक आणि कॅम झिजतात, व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही. नियमाप्रमाणे फट ठेवूनही बारीक टिकटिक राहिली, तर ती राहू द्या.

हा हट्ट आला कुठून, याचं एक कारण मला बुलेटमध्ये दिसतं. बिडाच्या जुन्या बुलेटला लांब पुशरॉड असत. तिथला रिवाज असा, की थंड इंजिनाला पुशरॉड बोटाने सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. म्हणजे जवळपास शून्य फट, आणि त्या इंजिनाला ते बरोबरच होतं. बुलेटवर हात बसलेल्या उस्तादांनी तोच नियम जपानी घराण्याच्या शंभर सीसी गाड्यांना लावला, त्यांच्या हाताखालच्या पोरांनी तो पुढे नेला, आणि एका इंजिनाचा नियम सगळ्यांचा धर्म झाला. खुद्द बुलेटच्या घरातही तो टिकलेला नाही. २००९ च्या क्लासिकमधल्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ते ऑइलच्या दाबावर फट आपली आपण भरतात, आवळायला तिथे काहीच नाही. तरी या गाड्यांचे टॅपेट टाइट करून घेतल्याचं अभिमानाने सांगणारे मालक भेटतात. पैसे कशाचे दिले, हे त्यांनीच शोधावं. २०२० च्या मिटिऑरबरोबर आलेल्या इंजिनात मात्र पुन्हा मोजायची फट आली आहे.

मोजायचं कसं? फिलर गेज नावाचा पात्यांचा जुडगा घ्या, महाग नसतो. इंजिन पूर्ण थंड हवं. होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ३५ अंशांखाली अशी स्पष्ट अट आहे, तेव्हा मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी हे काम पहाटेच उरकावं; दुपारी तिथे सावलीत उभी असलेली गाडीही ही अट मोडते. डावीकडच्या मॅग्नेट कव्हरवरची झाकणं काढून क्रँक हाताने फिरवा आणि रोटरवरची 'टी' खूण समोरच्या खुणेला जुळवा. आता दोन्ही रॉकर किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर पिस्टन वर असला तरी स्ट्रोक चुकीचा आहे, अजून एक पूर्ण फेरा द्या. पातं रॉकर आणि दांड्याच्या मध्ये सरकवा. हलकं अडखळत सरकलं तर फट बरोबर. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. ही शेवटची पायरी गाळणारे मिस्त्री डझनाने सापडतात.

मोजमाप बरोबर आणि तरी आवाज मोठा, असंही होतं. रॉकरचं टोक झिजून त्यात खड्डा पडला असेल तर सपाट पातं खड्ड्याच्या काठांवर टेकतं, त्यामुळे प्रत्यक्षातली फट जास्त असूनही मोजमाप बिनचूक वाटतं. अशा वेळी रॉकर काढून बघावाच लागतो. केटीएम ३९० ड्यूकसारख्या गाड्यांत तर स्क्रूच नसतो, फट शिमने जुळवावी लागते. पाना घेऊन धावलेल्याला तिथे हात हलवत परतावं लागतं.

टॅपेटवर येणारे निम्मे आरोप मुळात दुसऱ्याच कोणाचे असतात. सायलेन्सरचा बेंड पाईप हेडला जिथे बसतो तिथलं गॅस्केट फुटलं की हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. थंड इंजिनाला ती मोठी असते, रेस दिली की वाढते आणि पाईप तापून फुगला की कमी होते. थंड इंजिनावर जोडाशी साबणाचं पाणी सोडून गाडी चालू करा, बुडबुडे आले की चोर सापडला. सैल प्लगचंही तसंच. टायमिंग चेन सैल असेल तर टिकटिकीपेक्षा खळखळ जास्त, आणि ती थ्रॉटल सोडल्यावर वाढते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि साध्या गाड्यांतही इंजेक्टर आले. इंजेक्टरची बारीक कटकट हा त्याच्या कामाचाच आवाज आहे, तरी नव्या गाडीच्या मालकाने यावरून शोरूममध्ये भांडण काढल्याच्या गोष्टी कानावर येतात. आवाज नक्की कुठला हे कळायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक हेडवर, मूठ कानाशी, आणि जागा बदलत जा. फिरत्या भागांपासून मात्र दूर.

बाकीचे समज एकेका वाक्यात. 'जाड ऑइल टाकलं की टॅपेट शांत होतात': आवाज दबतो, फट तेवढीच राहते, आणि थंडीत सकाळी ते जाड ऑइल हेडपर्यंत उशिरा पोचतं. 'कारचं ऑइल जास्त चांगलं': बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि तो घसरू नये म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ हा शिक्का बघायचा असतो. 'महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाका': ऑक्टेनचा संबंध चढावर येणाऱ्या नॉकिंगशी, टॅपेटच्या फटीशी शून्य. 'इथेनॉलमुळे टॅपेट वाजायला लागले': इथेनॉलवर दुसरे आक्षेप घ्या, खुद्द त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो आणि रॉकरची फट त्याने वाढत नाही. 'फिल इट, शट इट, फर्गेट इट': हीरो होंडाची ती जाहिरात पेट्रोलच्या टाकीबद्दल होती, ऑइलच्या डिपस्टिकबद्दल नव्हती.

डिपस्टिकवरून आठवलं. टिकटिक अचानक सुरू झाली असेल तर पाना उचलण्याआधी ऑइल बघा. शंभर सीसी गाडीत ते जेमतेम लिटरभर असतं. दोन-तीनशे मिलिलिटर कमी झालं तरी सगळ्यात वर, कॅम आणि रॉकरपाशी, त्याचा तुटवडा आधी जाणवतो.

आणि आवाज टिकटिक नसून खालून, क्रँककेसमधून येणारा जड डकडक असेल, थ्रॉटलबरोबर वाढत असेल, तर टॅपेटचा विषयच सोडा. ते कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग असू शकतं. तिथल्या तिथे गाडी बंद करा, पुढचं गॅरेज दोनच किलोमीटरवर असलं तरी चालवत नेऊ नका, टेम्पो बोलवा.