खोक्यावरच्या ‘फोर-के’ला भुलू नका

लग्नकार्याचे फोटो आणि व्हिडिओ काढून चार पैसे मिळवावेत म्हणून पतपेढीचे कर्ज काढून मिररलेस कॅमेरा घेणारी मुले आपल्यात आहेत. त्यांच्या आईवडिलांना आमचे सांगणे आहे, खोक्यावरच्या ‘फोर-के’ या अक्षरांवर जाऊ नका. २०१८ चा कॅनन एम ५० सेकंडहँड मिळतो, फोटो झकास काढतो. पण फोर-के व्हिडिओत चित्राच्या कडा बऱ्याच कापल्या जातात आणि हुकमी ऑटोफोकस बंद पडून चाचपडणारा तेवढा उरतो. चालत येणारे नवरा-नवरी धूसर! फुल-एचडीत मात्र तो चोख आहे, आणि घरच्या टीव्हीवर तेवढ्याने कुणाचे अडत नाही. २०२३ च्या आर ५० मध्ये हे दोन्ही दोष नाहीत.

सगळे पैसे बॉडीतही घालू नयेत. सोनी झेडव्ही-ई १० सोबतची झूम लेन्स ५० मिमीला एफ ५.६ वर अडते, एफ १.८ ची लेन्स तिच्या नऊपटींहून अधिक उजेड घेते. रात्रीच्या हॉलमध्ये फरक पडतो तो इथे. या तिन्हींच्या बॉडीत हाताची थरथर सावरणारी सोय नाही, तेव्हा तिपाई आणि वेगळा माईक यांचे पैसे आधीच बाजूला काढावेत.