मुक्त सॉफ्टवेअर : फुकट घेणाऱ्यांनी काही द्यावेही

आपल्या अनेक धर्मग्रामांच्या कार्यालयांत बाप्तिस्म्याचे व विवाहाचे दाखले आता संगणकावर तयार केले जातात. पवित्र मिस्साच्या वेळी गीतांचे शब्द पडद्यावर दाखविले जातात. २०२० साली टाळेबंदीमुळे चर्चची दारे बंद झाली, तेव्हा ठिकठिकाणच्या धर्मगुरूंनी मिस्सा इंटरनेटद्वारे श्रद्धावंतांच्या घरी पोहोचविली. या सर्व कामांसाठी चांगली सॉफ्टवेअर कोणतेही मूल्य न देता मिळतात. दाखले व पत्रव्यवहारासाठी लिबरऑफिस, पडद्यावरील गीतांसाठी ओपनएलपी, थेट प्रक्षेपणासाठी ओबीएस स्टुडिओ, गायनवृंदाच्या ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी ही त्यांपैकी काही होत. ही सॉफ्टवेअर कोणाच्या श्रमातून उभी राहतात आणि ती टिकावीत म्हणून आपल्यासारख्या सामान्य प्रापंचिकांना काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुक्त म्हणजे काय?

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. या चळवळीच्या व्याख्येनुसार सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये असावयास हवीत : ते कोणत्याही कामासाठी वापरणे, ते कसे चालते याचा अभ्यास करून त्यात बदल करणे, त्याच्या प्रती इतरांना देणे आणि आपण सुधारलेली प्रतही इतरांना देणे. त्यासाठी सॉफ्टवेअरची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, सर्वांसाठी खुली ठेवावी लागते. तेव्हा येथे ‘मुक्त’ हा शब्द किमतीविषयी नसून स्वातंत्र्याविषयी आहे. पुढे १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. आज जगातील असंख्य सर्व्हर आणि अँड्रॉइडवर चालणारे मोबाइल फोन लिनक्सच्याच आधारावर चालतात.

ख्रिस्तसभेने अमुक एक सॉफ्टवेअर वापरा, असे कोठेही सांगितलेले नाही. परंतु सृष्टीतील संपत्ती अखिल मानवजातीसाठी आहे, ही तिची जुनी शिकवण आहे. १९९१ सालच्या ‘सेंतेसिमुस आनुस’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी ज्ञान, तंत्रज्ञान व कौशल्य यांची मालकी आजच्या काळात जमिनीच्या मालकीइतकीच महत्त्वाची ठरली आहे, असे नमूद केले. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ‘कारितास इन वेरिताते’ या परिपत्रकात श्रीमंत देश बौद्धिक संपदेचा हक्क, विशेषतः आरोग्याच्या क्षेत्रात, अतिशय ताठरपणे राखतात याविषयी खंत व्यक्त केली. ज्ञान वाटून घेण्याचा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरने प्रत्यक्षात आणून दाखविला आहे.

याची दुसरीही बाजू आहे. महागडे सॉफ्टवेअर परवान्याविना उतरवून घेणे अनेकांना गैर वाटत नाही. परंतु सातवी आज्ञा संगणकालाही लागू आहे. ज्याला परवाना परवडत नाही, त्याच्यासाठी मुक्त सॉफ्टवेअर हा प्रामाणिक मार्ग उपलब्ध आहे.

मदतीची गरज का?

जे सर्वांचे, त्याची काळजी अनेकदा कोणीच घेत नाही. ओपनएसएसएल हे मुक्त सॉफ्टवेअर इंटरनेटवरील माहिती गुप्त राखण्याचे काम करते. जगभरातील असंख्य संकेतस्थळे त्यावर विसंबून होती. एप्रिल २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष असल्याचे उघड झाले, तेव्हा या प्रकल्पाला देणग्यांच्या रूपाने वर्षाकाठी साधारण २,००० डॉलर मिळत असल्याचेही जगाला समजले. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या प्रकल्पात हेतुपुरस्सर घातलेला चोरदरवाजा सापडला. तो प्रकल्प बराच काळ एकच स्वयंसेवक सांभाळीत होता. मदतीच्या मिषाने आलेल्या एका अज्ञात व्यक्तीने दोनहून अधिक वर्षे काम करून त्याचा विश्वास संपादन केला आणि मग घात केला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एक काम नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक वेळ घेत असल्याचे जाणवले, म्हणून मोठे संकट टळले. एकट्या, थकलेल्या स्वयंसेवकाला वेळीच प्रामाणिक सोबती मिळणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

आपण काय करू शकतो?

पहिली सेवा म्हणजे दोष कळविणे. सॉफ्टवेअर अडखळले की आपण कुरकुर करतो, पण ते घडविणाऱ्यांना कळवीत नाही. सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, आपण क्रमाने काय केले, काय घडावयास हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले, एवढे पडद्याच्या चित्रासह नीट लिहून पाठविले तरी पुष्कळ काम होते. मराठीच्या बाबतीत तर हे आपल्यालाच करावे लागेल. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा ‘र’ अनेक ठिकाणी चुकीचा उमटतो. ही चूक परदेशातील अभियंत्याच्या लक्षात येणे कठीण, मात्र मराठी वाचकाला ती पहिल्याच दृष्टिक्षेपात खटकते.

दुसरी सेवा भाषांतराची. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांच्या सूचना मराठीत वाचता येतात, त्या स्वयंसेवकांच्या परिश्रमामुळे. लिबरऑफिसचे भाषांतर ‘वेबलेट’ या व्यवस्थेतून, तर फायरफॉक्सचे ‘पोंटून’मधून केले जाते. त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. चांगले मराठी व कामापुरते इंग्रजी आले, की पुरे. आपल्या शाळांतील आजी-माजी शिक्षकांना हे काम सहज साधेल. सतराव्या शतकाच्या प्रारंभी फादर थॉमस स्टीफन्स यांनी परदेशातून येऊन आपली भाषा आत्मसात केली व तिच्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले. संगणकाच्या पडद्यावरही ती नांदावी, यासाठी तिच्या लेकरांनी थोडा वेळ द्यावा, ही अपेक्षा वाजवी आहे.

तिसरी सेवा आवाजाची. मोझिला संस्थेच्या ‘कॉमन व्हॉइस’ या प्रकल्पात पडद्यावर दिसणारी मराठी वाक्ये वाचून आपला आवाज दान करता येतो, तसेच इतरांचे वाचन तपासता येते. जमा झालेला संग्रह सर्वांसाठी खुला असतो. बोललेले शब्द ओळखणारी साधने अशा संग्रहांवरून शिकतात. वसईची सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्यांच्या तोंडची मराठीही त्यात असेल, तर उद्याच्या साधनांना आपले उच्चार परके वाटणार नाहीत. वाचनसेवा करणाऱ्यांना तर हे काम अगदी सोयीचे आहे.

चौथी सेवा शिकविण्याची. विंडोज १० या प्रणालीची नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नव्या प्रणालीच्या अटीत न बसणारे पुष्कळ संगणक अद्याप सुस्थितीत आहेत. अशा संगणकांवर लिनक्स मिंट किंवा डेबियन बसवून ते गरजू विद्यार्थ्यांना देता येतील. युवकांनी एखाद्या शनिवारी असे शिबिर घ्यावे. मात्र आधी संगणकातील माहितीची प्रत काढून ठेवावी आणि धर्मग्रामाच्या नोंदींना जाणकाराखेरीज कोणी हात लावू नये.

पाचवी सेवा आर्थिक साहाय्याची. लिबरऑफिसमागील द डॉक्युमेंट फाउंडेशन किंवा सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी यांसारख्या संस्था देणग्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. देणगी नेहमी प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच द्यावी. परवान्यासाठी लागणारी रक्कम वाचली असेल, तर तिचा लहानसा अंश तरी तिकडे वळविणे न्यायाचे होईल.

सहावी सेवा प्रत्यक्ष संहिता लिहिण्याची. संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एखाद्या छोट्या दोषापासून आरंभ करावा. त्यांचे काम जगातील अनुभवी मंडळी तपासतात, चुका दाखवितात आणि त्यातून उत्तम शिक्षण घडते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी घोषित झालेल्या कार्लो अकुतिस या युवकाने आपले संगणकज्ञान पवित्र मिस्सासंस्काराविषयीच्या चमत्कारांची माहिती जगापुढे मांडण्यासाठी वापरले. आपल्या बुद्धीचे दान इतरांच्या उपयोगी यावे, ही प्रेरणा त्याच्याकडून आजच्या युवकांनी घ्यावी.

मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेचे प्रभू येशूने कौतुक केले, कारण तिने आपल्या गरिबीतून दिले. वरील सेवांपैकी बहुतेकांना पैसा लागत नाही, आठवड्याचा एखादा तास लागतो. प्रत्येक धर्मग्रामातील पाच-सहा जणांनी एकत्र येऊन आपल्या कार्यालयात कोणती मुक्त सॉफ्टवेअर वापरली जातात याची यादी करावी आणि त्यांपैकी एकाच्या सेवेची जबाबदारी वर्षभरासाठी घ्यावी. इतरांच्या श्रमाचे फळ आपण रोज चाखतो. त्या मळ्यात आपणही थोडे राबावे.