चॉकलेटी बिस्किटे : चव आणि टक्केवारी

"डॉक्टर, बिस्किट द्यायचेच झाले तर कोणते द्यावे?" बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात हा प्रश्न दिवसातून एकदा तरी येतोच. विचारणाऱ्या आईच्या पिशवीतून बहुधा अर्धे फोडलेले पाकीट डोकावत असते. "कोणतेच नको" हे उत्तर शास्त्रशुद्ध खरे. परंतु ते ऐकून कोणी पाकीट फेकून दिल्याचे मी पाहिलेले नाही. तेव्हा उत्तर द्यायचे तर माल पाहून, चाखून द्यावे, या हेतूने गेल्या महिन्यात येथील एका सुपरमार्केटातून चॉकलेटची सहा नवी पाकिटे मी विकत आणली. परीक्षक मंडळात मी, दवाखान्यातील दोन परिचारिका आणि शेजारची दोन भावंडे. बहीण तिसरीत, भाऊ पाच वर्षांचा. यजमान मधुमेही असल्यामुळे त्यांच्याकडे केवळ वेष्टने वाचण्याचे काम सोपविले. लेखातील निम्मे श्रेय त्यांच्या भिंगाला आहे.

चवीचा निकाल आधी सांगते, कारण वैद्यकीय लेखांत तो सहसा राहून जातो. पोटात मऊ चॉकलेट भरलेली कुकी सर्वांना आवडली, मलाही. बाहेरचे कवच खुसखुशीत आणि आतले सारण मऊ, हे महिनोन्‌महिने टिकविणे सोपे नसते. सारणात पाणी असते तर ते कवचात झिरपून दोन दिवसांत कुकी सादळली असती. म्हणून ते सारण मुख्यतः मेद आणि साखर यांचेच करावे लागते. चॉकलेटात बुडविलेल्या लांब काड्यांची मुलांनी आधी तलवारबाजी केली, मग त्या खाल्ल्या. नाचणीच्या चॉकलेट बिस्किटाला नाचणीची चव नव्हती, चॉकलेटचीही नव्हती. पाच वर्षांच्या परीक्षकाने ते निमूटपणे माझ्या बशीत परत ठेवले. 'साखरविरहित' कुकी मात्र गोड लागली. तो गोडवा माल्टिटॉलचा. हा पदार्थ आतड्यात पुरता शोषला जात नाही, आणि लहान मुलाने चार-सहा कुकीज खाल्ल्या तर पोट फुगून जुलाब होऊ शकतात. तशी सूचना वेष्टनावर होती. ती वाचण्यासाठीच भिंग लागले.

चाखताना एक गोष्ट ध्यानात आली. काड्यांवरचा थर जिभेवर विरघळतच नव्हता, मेणासारखा टाळूला चिकटून राहत होता. खरे चॉकलेट कोको बटरचे. ते सुमारे ३४ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळते आणि म्हणूनच तोंडात विरते. पण आपल्या हैदराबादेत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो. अशा हवेत दुकानाच्या फळीवर कोको बटर टिकणार कसे? त्याऐवजी अधिक तापमानाला वितळणारी पामतेलाची वा पामबियांच्या तेलाची चरबी वापरली जाते, जी स्वस्तही पडते. 'चॉकलेट'ऐवजी 'चोको' असा शब्द छापलेला दिसला की घटकसूचीकडे वळावे.

ही सूची वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, आणि ज्या घटकाचे नाव वा चित्र मुद्दाम ठळक केले असेल त्याचे प्रमाणही टक्क्यांत सांगावे लागते. आमच्या नाचणीच्या पाकिटावर कणसांचे सुंदर चित्र होते. सूचीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरे पामतेल आणि मग कोठे नाचणी, ११ टक्के. मागे छापलेल्या क्रमांकांना मात्र पालक उगाच भितात. ५०० (२) म्हणजे खाण्याचा सोडा, ३२२ म्हणजे लेसिथिन. घाबरायचेच तर आकड्यांना नव्हे, पहिल्या तीन शब्दांना घाबरावे.

आणि घाबरण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे ती निरुपद्रवी दिसणारी टक्केवारी. सारणाच्या कुकीवर लिहिले होते : १०० ग्रॅममध्ये वरून घातलेली साखर ३६ ग्रॅम, एक कुकी १२ ग्रॅमची, दैनंदिन मर्यादेच्या ९ टक्के. नऊ टक्के म्हणजे काहीच नाही, असे कोणालाही वाटेल. पण ही मर्यादा कोणाची? आपल्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार हा हिशेब २००० किलोकॅलरी खाणाऱ्या प्रौढ माणसाचा आणि दिवसाला ५० ग्रॅम साखरेचा असतो. वेष्टनाच्या दर्शनी बाजूस हसणारे अस्वल, मागच्या बाजूस बाबांचे गणित!

आता तेच गणित आपल्या गावच्या संस्थेचे आकडे घेऊन करू. कुन्नूर येथे १९१८ साली सुरू झालेली आणि १९५८ साली हैदराबादेस आलेली राष्ट्रीय पोषण संस्था तार्नाक्यास आहे. तेथील तज्ज्ञांच्या २०२० च्या अहवालानुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाची रोजची गरज १३६० किलोकॅलरी. साखर एकूण ऊर्जेच्या ५ टक्क्यांखाली राहिली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगत आली आहे. १३६० चे ५ टक्के म्हणजे ६८ किलोकॅलरी, म्हणजेच १७ ग्रॅम साखर. अशा चार कुकीज खाल्ल्या की दिवसभराचा शिधा संपला. दुधातली साखर, जॅम, सरबत सारे त्यापुढचे. आमच्या चिमुकल्या परीक्षकाने चार कुकीज संपवायला सहा मिनिटे घेतली.

साखरेहून अधिक चिंता मला वाटते ती दूध-बिस्किटाच्या न्याहारीची. चार वर्षांची एक मुलगी आठवते. खोकल्यासाठी आणली होती. तळहात कागदासारखे पांढरे, हिमोग्लोबिन ७.२, आणि भिंतीचा चुना खरवडून खाण्याची सवय. सकाळी दुधात बुडवून सहा चॉकलेट बिस्किटे, रात्री पुन्हा तेच. "डॉक्टर, दूध तर भरपूर पिते," असे आजी अभिमानाने सांगत होत्या. गाईम्हशीच्या दुधात लोह नगण्य, त्यातील कॅल्शियम इतर अन्नातील लोहही शोषू देत नाही, आणि कोकोतील पॉलिफेनॉल चहाप्रमाणेच त्यात भर घालतात. वर पोट भरलेले, म्हणून डाळ-भाकरीला नकार. देशात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के रक्तक्षयी असल्याचे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. त्यांच्यासमोर ही न्याहारी ठेवणे मला परवडणारे वाटत नाही. लोहाचे औषध आणि न्याहारीला पोहे-लिंबू, शेंगदाण्याचा कूट घातलेली थालीपिठे, यांवर ती मुलगी तीन महिन्यांत सावरली.

सहापैकी एक पाकीट मी मुलांसमोर फोडलेच नाही. चॉकलेटचा लेप दिलेले अख्खे शेंगदाणे. पाच वर्षांखालील मुलाच्या हाती अख्खा दाणा देऊ नये. चॉकलेटच्या आत दडला तर तो दाणा आहे हे मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. हसताना, पळताना दाणा श्वासनलिकेत जातो, क्षणभर ठसका लागतो आणि मग सारे शांत होते. घरच्यांना तो ठसका पुढे आठवतही नाही. माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढेच सांगणे : छातीत एकाच बाजूला घरघर ऐकू आली तर दम्याचे औषध लिहिण्याआधी आईला दाण्याविषयी विचारावे. ब्राँकोस्कोपीने काढलेले कितीतरी शेंगदाणे त्याआधी आठवडेच्या आठवडे 'बालदमा' म्हणून मिरवलेले असतात.

जुन्या पिढीचे वाचक येथे म्हणतील, आमचे उस्मानिया बिस्किट बरे होते. उस्मानिया मलाही प्रिय आहे. पण मैदा, साखर आणि चरबी त्यातही आहेतच. आपले शंकरपाळे तरी वेगळे काय? फरक इतकाच की शंकरपाळ्यांचा डबा दिवाळीला भरत असे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत रिकामा होई. पुन्हा भरायला वर्ष लागे. आताच्या डब्याला तळच नाही.

आमच्या घरी सध्या ठरले आहे ते असे. दोन वर्षांखालील पाहुण्याला चॉकलेट अजिबात नाही. मोठ्या मुलांना आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, दोन कुकीज; मग पाण्याने चूळ, कारण बिस्किटाचा लगदा दाढांच्या खाचांत तासन्‌तास बसून राहतो. झोपताना कधीही नाही.

सहावे पाकीट म्हणजे ७० टक्के कोकोची काळी वडी. घटक चारच, त्यांत कोको बटर खरे. तिसरीतल्या परीक्षक बाईंनी एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि "हे औषध आहे का?" असे विचारले. परिचारिकांनी एकेक तुकडा घेतला, मी दोन. उरलेली वडी महिना झाला तरी फ्रिजमध्ये तशीच आहे.