साच्यातले अकरा

अस्सल आणि नक्कल यांमधली भिंत सुरत शहराने फार पातळ करून टाकली आहे. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या या नगरीत आता हिरे पिकवलेही जातात. हिऱ्याचीच एक पातळ चकती बंद कक्षात ठेवायची, मिथेन व हायड्रोजन वायू सोडून प्रचंड उष्णता द्यायची आणि कार्बनचे थरावर थर चढू द्यायचे. काही आठवड्यांत हिरा सिद्ध होतो. ती काच नव्हे; खाणीतल्या हिऱ्याचेच ते द्रव्य. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदी यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरटचा हिरा असाच घडवलेला होता.

हिऱ्याची प्रत निघते, तर खेळाडूची का निघू नये? फुटबॉलवेडी मंडळी फावल्या वेळी हा डाव मांडत असतात. तीनचार नामवंत निवडायचे, त्यांच्या हव्या तितक्या हुबेहूब प्रती काढायच्या आणि अकरा जणांचा संघ उभा करायचा. प्रश्न पोरकट वाटेल. पण त्याचे उत्तर शोधताना खेळाचे मर्म हाती लागते.

आपणही असा संघ बांधून पाहू. गोलात आपला ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर. भारताचे कर्णधारपद भूषवलेला हा गोलरक्षक एकच पुरे. बचावाला चार जर्नेल सिंग, मध्यफळीत तीन चुनी गोस्वामी आणि आघाडीला तीन नेव्हिल डिसोझा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा तो हाच नेव्हिल. कागदावर हा संघ अजिंक्य दिसतो. मैदानात मात्र तिन्ही नेव्हिल गोलासमोरच्या एकाच मोक्याच्या जागी धावतील आणि दोन्ही बगला ओस पडतील. चारही जर्नेल एकाच चेंडूवर झेपावतील आणि निसटलेला चेंडू अडवायला मागे कोणीच उरणार नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले, ते पी. के. बॅनर्जी, चुनी आणि बलराम या त्रयीच्या बळावर. आणि त्या तिघांचे बळ त्यांच्या वेगळेपणात होते. त्याच स्पर्धेत डोक्याला जखम झाल्यामुळे जर्नेलला बचावातून आघाडीवर खेळवण्यात आले आणि अंतिम सामन्यात त्याने गोलही केला. ते शक्य झाले, कारण त्याची मूळ जागा सांभाळणारे दुसरे गडी संघात होते.

प्रतींचा प्रयोग क्रीडाक्षेत्रात खरोखर झालेला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. अर्जेंटिनाचा विख्यात पोलोपटू अडॉल्फो काम्बियासो याने आपल्या क्वार्तेतेरा नावाच्या घोडीच्या प्रती काढवून घेतल्या आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्यांपैकी सहा घोड्यांवर आळीपाळीने स्वार होऊन त्या देशाची सर्वांत मानाची स्पर्धा जिंकली. परंतु पोलोत घोडी एकामागून एक येतात. प्रत्येकीचे काम तेच आणि स्वारही तोच. फुटबॉलमध्ये अकरा जण एकाच वेळी उभे असतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याची उणीव भरून काढावी लागते. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २०२३ साली गंगा नावाची गीर कालवड अशाच तंत्राने जन्मली. दुधासाठी प्रत काढणे समजू शकते. पास देण्यासाठी मात्र समोर आपल्याहून निराळा माणूस लागतो.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. समजा, ब्रह्मानंदची प्रत निघाली. ती जन्मेल तान्ह्या बाळाच्या रूपात; त्याला पुन्हा वाढवावे लागेल. तो वाढणार कोठे? भातकापणी झाल्यावर ज्या शेतांत पोरे चेंडू लाथाडत, त्या शेतांची प्रत कोणत्या प्रयोगशाळेत काढणार? १९८२-८३ मध्ये बंगालसह संयुक्तपणे आणि पुढच्याच हंगामात एकहाती संतोष करंडक आणणारा गोव्याचा संघ वाड्यावाड्यांतील मैदानांतून आणि स्थानिक क्लबांतून वर आला होता. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. स्पर्धेची नवी रचना त्यांना मान्य नव्हती. धेंपो क्लब काही वर्षांनी परतला, ही समाधानाची बाब. पण मधल्या काळात ज्या मुलांचे खेळायचे वय सरले, त्यांना ती वर्षे कोण परत देणार?

सुरतेचा कारागीर हे सारे जाणतो. घडवलेल्या हिऱ्यालाही बीज लागते, बीजाला कक्ष लागतो, आणि कक्षातून निघालेला ओबडधोबड खडा कुशल हात फिरल्यावाचून झळकत नाही. फुटबॉलचे बीज गोमंतकात कधीच कमी नव्हते. उणीव भासू लागली आहे ती कक्षाची आणि पैलू पाडणाऱ्या हातांची: मैदानांची, क्लबांची, गावोगावच्या प्रशिक्षकांची. पंचायती, क्रीडा खाते आणि उद्योगपती यांनी नामवंतांचे सत्कार जरूर करावेत. परंतु प्रत्येक गावात एक मैदान बांधकामापासून राखून ठेवावे. कारण उद्याचा खेळाडू ब्रह्मानंदची प्रत नसेल. तो कोणीतरी निराळाच असेल, आणि त्याला उभे राहायला आज जागा ठेवली पाहिजे.